मीटरचे बल्ब

आप्पांचं म्हणणं एकच होतं, जीपच्या मीटरमधले बल्ब गेलेत, म्हणून काटे दिसत नाहीत. आईचं म्हणणं होतं की बल्ब नाही, डोळे गेलेत. आप्पांना शुगर होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नंदुरबारला डोळे दाखवून येऊ म्हटलं की नेमकी त्याच दिवशी त्यांना गाडीची वर्दी असायची. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं आई गॅसपाशी उभी राहून पुटपुटायची, आणि तेही शेडपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

शेड घराला लागूनच. तळोद्यातलं आमचं घर लहान आणि शेड त्याहून मोठी, कारण आप्पांच्या हिशेबात जीप आधी आणि आम्ही नंतर. जीपमधून ते घाट चढून वरच्या पाड्यांवर माणसं न्यायचे-आणायचे. गुजरातेत ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, बाजाराला उतरलेल्या बाया, दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस, सगळे त्यांच्याच गाडीची वाट बघत बसायचे. बाकीचे ड्रायव्हर पोरगेले, फोनवर बोलत वळणं घेणारे. आप्पांच्या गाडीत बसलं की पोचतोच, असं लोक म्हणायचे, आणि ते आप्पांच्या कानावर जरा जास्तच यायचं.

मी शहाद्याला नोकरी करते, रविवारी घरी येते. त्या रविवारी आले तर गाडीच्या डाव्या मडगार्डला नवा पोचा. विचारलं तर म्हणाले, एका पाड्यावर बकरी आडवी आली. आई म्हणाली, बकरी आडवी नव्हती आली, ती रस्त्याच्या कडेला बांधलेली होती, गाडीतल्या माणसांनीच स्टँडवर सांगितलं. माझं डोकं फिरलं. त्यांना मी नको नको ते बोलले. आज बकरी होती, उद्या कोणाचं लेकरू असेल, असंही बोलले. ते पोच्यावर फडकं फिरवत राहिले आणि त्याचाच मला जास्त राग आला. पडलो तरी नाक वर, हा आमच्या घराण्याचा गुण, आणि तो मलाही पुरेपूर मिळालेला आहे.

शेवटी त्यांनीच तोड काढली. मीटर खोल, सगळे बल्ब नवे टाक. तरी नाही दिसलं तर किल्ली तुझ्या आईच्या हातात देतो, पुन्हा मागणार नाही. आई लगेच कबूल झाली. मलाही वाटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

आमच्या घरी मुलगा नाही, त्यामुळे आप्पा गाडीखाली आणि मी बाहेर पाने-पक्कड देत बसलेली, असं माझं लहानपण गेलं. मीटर काढणं मला नवीन नव्हतं. आधी बॅटरीची एक वायर सोडवली. या जुन्या जीपचं मीटर डॅशबोर्डच्या मधोमध असतं, पत्र्याच्या पाटीवर. पाटीचे स्क्रू गंजलेले, एकेक निघताना कुरकुरत होता. मग डॅशबोर्डखालून हात घालून स्पीडच्या केबलचं नट सोडवावं लागतं. ते दिसत नाही, बोटांनीच शोधायचं. बोटं पत्र्याच्या धारेला घासून सोलली. आप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि नट कुठल्या बाजूला फिरव ते सांगत होते. अगदी बरोबर सांगत होते.

मीटर पुढे ओढून घेतलं. मागच्या वायरी लांब होत्या, शेजारच्या सीटवर बसून मांडीवर घेता आलं. आत बारीक धूळ, एक वाळलेलं झुरळ. मी बल्बचे होल्डर अर्धा पीळ देऊन एकेक काढले आणि दाराच्या उजेडात धरून बघितले.

काच स्वच्छ होती. आतली तार धड होती. पहिल्याची, दुसऱ्याची, सगळ्यांचीच. एकही बल्ब गेलेला नव्हता.

तेव्हाच मला खरं काय ते कळलं. हरणार ते होते, पण मला मुळीच जिंकायचं नव्हतं. तरी मी नवे बल्ब बसवले. निदान हे नवे जास्त लख्ख असतील, अशी वेडी आशा होती. बॅटरी जोडली आणि आप्पांना म्हटलं, या, बसून बघा. पाटी परत बसवायच्या आधी सगळे लागतात का, ते तपासायचं होतं.

ते मडगार्ड चाचपत आले आणि स्टेअरिंगमागे बसले. मी त्यांच्या शेजारी, मीटर माझ्या मांडीवर, काच माझ्याकडे. त्यांनी किल्ली फिरवली, दिव्याचं बटण ओढलं. माझे तळहात पिवळे झाले. सगळे बल्ब लागले होते. थांबा, आता तुमच्याकडे फिरवते, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात ते समोर डॅशबोर्डकडे बघत म्हणाले, "हां, आते बेस दिखस. डिझेल आर्धं शे."

समोर भोक होतं. काळं, वायरी बाहेर आलेलं भोक.

आई चहा घेऊन दारात आली होती. तिनं माझ्या मांडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आप्पा तिला ऐकू जाईल असं म्हणाले की बघ, बल्बच गेले होते, उगाच माझ्या डोळ्यांवर घसरत होतीस, आणि उद्या बाजार आहे, पहाटेच निघावं लागेल. ते खुशीत होते. कित्येक दिवसांत मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

मला एवढंच म्हणता आलं, "आप्पा, मीटर मन्हा मांडीवर शे."

त्यांना ती थट्टा वाटली, हसले. मग हात पुढे केला. बोटं पत्र्याच्या कडेला लागली, आत गेली, वायरींवरून फिरली. मी मीटर त्यांच्या दुसऱ्या हाताशी नेलं. काच तापलेली होती. त्यांनी ती चाचपली आणि हात मागे घेतला.

ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. इतकी वर्षं जे रोज समोर होतं, ते त्यांना तिथेच दिसत होतं. मीटरही आणि रस्ताही.

मग त्यांनी किल्ली काढली आणि न सांगता आईपुढे धरली. आईला रडू फुटलं. त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"मंग काल घाट मी कसा उतरनू?" ते म्हणाले. हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. अंधार पडत आलेला होता, गाडी गच्च भरलेली होती, एवढं ते सांगत गेले. मी त्यांचा हात धरला.

"पुढला शीटवर एक पोटुशी बाई बशेल व्हती," ते म्हणाले. "घाबरी ऱ्हायनी व्हती. मी तिले सांगं, डोया मिटी बस, मी शे ना."