नवी मोटार येईपर्यंत

माझा नवरा निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची मोटार चालवायचा आणि मी त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखूतल्या काड्या वेचायची. मालक एकच, पण नवरा बसायचा गादीवर आणि मी बसायची धुरळ्यात. वखारीचा धुरळा ज्यानं बघितला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. नाकातोंडावरून पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी तपकिरी पडायची. पहिला महिनाभर मी रोज उलटी करत होते. थोरली मुलगी अंगावर पीत होती, ती तोंड लावायची आणि लगेच फिरवून रडायची. अंगाला, लुगड्याला, दुधाला, सगळ्याला तंबाखूचा वास. शेजारीण म्हणाली, आंघोळ करून पाजत जा. दिवसातून चारदा आंघोळ करायला मी काय संस्थानची राणी होते?

माझं माहेर कंग्राळीचं, बेळगावला लागून. शेतात राबायची सवय होती, पण शेतात निदान वारा असतो. पहिलं बाळंतपण करून निपाणीत आल्यावर सासूनं आठ दिवस घरात ठेवलं आणि नवव्या दिवशी वखारीत धाडलं. नवऱ्यानं तेव्हा मला एक गोष्ट सांगितली.

‘‘थोडं दिवस काढ. मालक नवी मोटार घेणार हाईत. घेतली की जुनी तुझी म्हणालेत मला. मग निपाणी-बेळगाव भाड्यानं चालवायची. त्या दिवसापासनं तुझी वखार बंद.’’

मालकांनी हे दसऱ्याला, मोटारीला हार घालताना, चार लोकांसमोर बोलून दाखवलं होतं. खोटं नव्हतं. म्हणूनच त्या बोलण्यानं आमचं जास्त वाटोळं केलं. खोटं असतं तर लवकर कळलं असतं.

मालकांना मूळव्याध होती. सगळ्या निपाणीला ते माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही असंही ठरलेलं होतं. जुन्या मोटारीच्या चाकांवरचे लोखंडी पाटे दगडासारखे. संकेश्वरापर्यंत जाईतो मालक अर्धे उभे राहून प्रवास करायचे. त्यामुळे त्यांना नवी मोटार पाहिजे होती ती ऐटीसाठी नव्हे, बसायला. ती कशी असावी याची परीक्षाही त्यांनी ठरवली होती. काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या पायाशी ठेवायचा आणि बेळगावला पोचल्यावर किती उरलं ते बघायचं. जुन्या मोटारीत हत्तरगीच्या पुढं तांब्यात घोटभरसुद्धा पाणी राहायचं नाही आणि मालकांचं धोतर भिजायचं.

‘‘डायवर, किती सांडलं रं?’’

‘‘सगळंच, मालक.’’

‘‘मग ही न्हवं. हिच्यासारखी दुसरी बी न्हवं. पाणी हलाय नको, अशी पायजे.’’

बेळगावात कॅम्पाच्या बाजूला मोटारी विकणारा एक एजंट होता. तो दरसाल रंगीत चित्रांचं पुस्तक पाठवायचा आणि मागून स्वतः यायचा. मालक पुस्तक उघडायचे, आणि हा शहाणा आपणच म्हणायचा, ‘‘यंदा घेऊ नका. यंदा नुसतं दिवे बदललेत. पुढच्या साली सगळं अंगच बदलणार हाय. पाटे नवे, गाद्या नव्या, आत आवाज न्हाय, धूळ न्हाय. यंदा घेतली तर पुढच्या साली हात चोळत बसाल.’’ मालकांना ते पटायचं. बरं, एजंट असं का म्हणायचा हे मला आजवर कळलेलं नाही. विकणारा माणूस घेऊ नका म्हणतो यातच लोकांना त्याचा खरेपणा वाटायचा. अशी चार सालं गेली.

आणि माझा नवरा! मालकांना दुखत तरी होतं. ह्याला काहीच दुखत नसताना हाही त्या न आलेल्या मोटारीच्या नादी लागला. घरात चुलीमागच्या भिंतीवर त्यानं कोळशानं मोटार काढली. एजंट काही नवीन सांगून गेला की हा ती पुसून पुन्हा काढायचा. नाक गोल केलं. मग दिवे चाकांवरच्या पंखांत बसवले. मग मागचा भाग उतरता केला, घारीच्या पाठीसारखा. मी दिवाळीला भिंत सारवायची, की पाडव्याच्या आत पुन्हा मोटार हजर.

‘‘अवो, जुनी आपल्याला मिळायची हाय, नवी न्हाय,’’ मी म्हणायची. ‘‘नवीचं नाक कसं बी असूंद्या की. वाकडं असूंद्या.’’

‘‘तुला त्यातलं काय कळतं?’’

‘‘काड्यातलं कळतं.’’

त्याच सुमारास संकेश्वरच्या एका माणसानं दोन गाड्यांची भाड्याची सर्व्हिस काढली आणि नवऱ्याला बोलावणं धाडलं. गाडीवर राहा, पुढं भागीतही घेतो म्हणाला. नवऱ्यानं नकार दिला. म्हणाला, माझी स्वतःची मोटार यायची हाय, मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ? मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही, कारण पुढच्या सालच्या गाडीत मागं बसणाऱ्याला पाय पसरता येणार की नाही यावर तो आणि मालक दोन दिवस वाद घालत होते.

आणि मग एकदाची ती गाडी आली. अंग बदललेली, आठ हात लांब, एजंटच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. एजंट सांगायला स्वतः वखारीत आला. मालकांनी मागणी आधीच नोंदवून ठेवली होती. पण आली ती अधिक महिन्यात. अधिक श्रावण होता. आमच्याकडे अधिकात नवं काही घरात आणत नाहीत. लग्न नाही, मुंज नाही, नव्या घरात पाऊल नाही. जावयाला अनारसे द्यायचे आणि महिना संपायची वाट बघायची.

पण मालकांचा जीव त्या गाडीत अडकला होता. त्यांनी वाट काढली. ‘‘मागणी तर आपण जेठातच केली. म्हंजे घेतली तवाच. आता नुसती आणायची ऱ्हायली. त्याला काय दोष?’’

नवरा दारात उभा होता. तो लगेच म्हणाला, ‘‘काय न्हाय, मालक. आणणं आणि घेणं येगळं.’’

एजंट म्हणाला, ‘‘येगळंच.’’

मुनीम धार्मिक माणूस, त्यानं कानाला हात लावले. मालक म्हणाले, भटजींना विचारू. भटजी गोकर्णाला गेले होते. मग मालक म्हणाले, पंचांग आणा. पंचांग आलं, पण मालकांचा चष्मा घरी, मुनिमाला मोडीशिवाय धड वाचता यायचं नाही, आणि विकणाऱ्यानंच वाचलेलं कोण धरणार? तेव्हा कुणाला तरी आठवलं की डायवरची बायको चार यत्ता शिकली आहे, बायकांची पत्रं वाचून दाखवते.

मला चाळणीवरून उठवून आणलं. हात तंबाखूचे होते ते लुगड्याला पुसले. मुनिमानं अधिकाचं पान काढून दिलं आणि मालक म्हणाले, ‘‘हितं वाच, अधिकात काय काय करू नये ते.’’

आता खरं सांगते. मला खूप मोठं वाटलं. सहा वर्षं वखारीत बसले, मालकानं कधी माझं तोंड बघितलं नव्हतं, आणि आज मालक, एजंट, मुनीम सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कंग्राळीच्या शाळेत आमचे मास्तर वाचताना एक शब्द गाळला तरी हातावर छडी मारायचे. मी तशीच वाचायला लागले. खणखणीत, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. विवाह, उपनयन, वास्तुशांती, देवप्रतिष्ठा, नवीन अलंकार. पुढचा शब्द नजरेला आधी दिसला, तोंडाला मागून आला. नवीन वाहन. मी तोही वाचला. मान वर केली तेव्हा नवऱ्याचा चेहरा दिसला.

एक शब्द गाळला असता तर कोण माझ्या हातावर छडी मारणार होतं?

‘‘झालं,’’ मालक म्हणाले. ‘‘वाहन म्हटलंय. महिनाभर ऱ्हाऊ द्या गाडी तुमच्या शेडात.’’

एजंट म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या की. कुठं जाती?’’

घरी येताना नवरा सबंध वाट माझ्यापुढं दहा पावलं चालला. दारात आल्यावर म्हणाला, ‘‘लई शिकलीस.’’

अधिक संपला. निज श्रावण लागला तेव्हा मालक म्हणाले, आता एवढं थांबलोय तर गणपतीला आणू, गणपती नव्या मोटारीतनं आणू. थांबायची सवयच झाली होती त्यांना. गणपती पंधरा दिवसांवर आला आणि तिकडे विलायतेत लढाई लागली. एजंटचा निरोप आला की कॅम्पातल्या एका साहेबानं गाडी बघितली आणि नेली, साहेबापुढं आपलं काय चालणार. दुसरी मागवून देतो म्हणाला. दुसरी आली नाही. लढाईभर विलायतेतून मोटार येणंच बंद झालं.

लढाईची सालं मी तपशिलानं सांगत नाही, सगळ्यांनीच भोगली आहेत. पेट्रोल कुपनावर आलं. मालकांनी जुन्या मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली. त्या गॅसवर ती मोटार म्हातारीसारखी खोकत चालायची. नवरा सकाळी तासभर भट्टीला वारा घालायचा, डोळे लाल, अंगभर राख. आता तो माझ्यासारखा दिसायला लागला. मी राखाडी-तपकिरी, तो काळा. दोघं खोकायचो. मुलगी म्हणायची, आमच्या घरात बोलत न्हाईत, खोकत्यात. तिचंही बोट धरून मी तिला वखारीत नेलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हे मी लिहिणार नव्हते.

पण नवऱ्याची आशा सुटली नाही. लढाई संपली की कंपन्या पहिल्यापासून सगळं नवं काढणार, असं एजंट सांगायचा. आता दाराखालची पायफळी नसणार, हँडल मारायला नको, पुढच्या चाकांना पाटेच नसणार, नुसत्या गोल स्प्रिंगा. नवरा ते मला सांगायचा तेव्हा भट्टीची राख त्याच्या भुवयांवर असायची.

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या साली नवी मोटार आली. पावसाळा संपत आला होता. वखारीच्या फाटकात उभी राहिली आणि आम्हा बायकांना मुकादमानं बघायला सोडलं. पन्नास-साठ जणी पदर तोंडाला बांधलेल्या तशाच बाहेर आलो. गाडी हिरवट रंगाची, सबंध गोल, कुठं कोपरा म्हणून नाही. गाद्या अशा फुगीर की एकीनं विचारलं, आत कापूस हाय का तूप? दुसरी मला कोपर मारून म्हणाली, ‘‘आक्का, सुटलीस गं बाय! आता तू बेळगावला मोटारीतनं जाणार, आम्हाला वळखशील का?’’

म्हातारपणी आता सांगायला लाज कसली, मी पदर सोडून कमरेला खोचला होता. जणू काम संपलंच.

नवरा गाडी बेळगावहून घेऊन आला होता. मालक मागून उतरले, तांब्या हातात, भरलेला. सगळ्यांना दाखवला. हसत होते. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘डायवर, बोललेलं मी विसरलो न्हाय. जुनी मोटार तुझी. आज घेऊन जा. फक्त ह्या गाडीला मग मला दुसरा माणूस बघाय लागंल.’’

नवऱ्यानं जुन्या मोटारीकडे बघितलं. ती चिंचेखाली उभी होती. भट्टी काढलेली होती, पण मागचा पत्रा जळून काळा पडला होता. आत चौदा वर्षांचा माझा हिशेब होता म्हणा. मग त्यानं नव्या मोटारीच्या दारावर हात ठेवला. हात ठेवला आणि काढेना.

‘‘मालक,’’ तो म्हणाला, ‘‘जुनी ऱ्हाऊ द्या. हीच चालवतो मी.’’

मालकांना बरंच वाटलं असणार. ‘‘बघ हं,’’ म्हणाले.

‘‘बघितलं, मालक.’’

माझ्याकडे बघितलं नाही. मी दहा हातांवर होते.

मग ती मघाची कोपर मारणारी हळू म्हणाली, ‘‘चल आक्का, मुकादम बोंबलंल.’’ मी कमरेचा पदर काढून पुन्हा तोंडाला बांधला.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, ‘‘का?’’

‘‘जुनीत आता काय राम न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आणि भाड्याच्या मोटारी झाल्यात किती. परमिट पायजे. कोण बसंल तिच्यात?’’

‘‘आठ वर्सामागं बसलं असतं.’’

‘‘तवा मिळाली न्हाय, त्याला मी काय करू? वाचलं कुणी पंचांगात?’’

ते खरंच होतं. तो थोडा वेळ जेवला आणि मग त्याचा चेहरा बदलला. ‘‘तुला सांगतो,’’ म्हणाला, ‘‘यमकनमर्डीच्या चढाला गियर बदलला, आत कळलं बी न्हाय. मालक झोपलंवतं. गादीत बसलं की आसं...’’ आणि त्यानं हातानं दाखवलं, खाली दबून वर येणारं.

‘‘मग त्या गादीलाच सांगा वाढायला,’’ मी म्हणाले.

पण भाकरी मीच वाढली. जुन्या मोटारीचं इंजन काढून मालकांनी मळ्यातल्या विहिरीवर पाणी उपसायला बसवलं. नवरा मरेपर्यंत ती हिरवी मोटार पुसत होता. मी त्या दिवसानंतर अकरा सालं वखारीत काड्या वेचल्या, आणि माझी मुलगी तिचं लग्न होईपर्यंत माझ्या शेजारी बसली.