परळची बातमी ठाकूरद्वारला नेताना

सगळ्यात आधी पुष्पाताईंचं नाव. मुंबईत मी काय पाहिलं, काय खाल्लं, कुठे चुकले हे पुढे येईलच. पण त्या नसत्या तर मी दादरच्या फलाटावरूनच उलटी गाडी धरून किनवटला परत आले असते, एवढं आपल्या पानाच्या वाचकांना ठाऊक असावं.

त्यांची माझी ओळख फोनवरची. आपल्या गावच्या बंद हातपंपाची मी लिहिलेली बातमी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली. त्या परळला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतात आणि ड्यूटी सुटली की परळ, भोईवाडा, लालबागच्या बातम्यांचं स्वतःचं पान चालवतात. आपल्यासारखंच, मोबाईलवरचं. मालक नाही, कचेरी नाही. फोनवर त्यांचं पहिलं बोलणं असं, "सुनीता, छान लिहितेस गं. पण ग्रामसेवकाला विचारलंस का, पंप का बंद आहे ते?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग ये इकडे आठवडाभर. माझ्याकडे राहा. शिकू दोघी मिळून."

आठवीनंतर माझी शाळा सुटली हे तुम्हाला माहीत आहे. मला कुणी पत्रकार म्हटलं की चोरी पकडल्यासारखं होतं. दादरला उतरले तेव्हाही तसंच झालं. फलाटावर इतकी माणसं, आणि प्रत्येकाला कुठे जायचं ते माहीत. तेवढ्यात कापडी पिशवी डोक्यावर धरून हलवणाऱ्या एक बाई दिसल्या. "अगं, लांबूनच ओळखलं. एवढं घाबरलेलं तोंड दुसऱ्या कुणाचं असणार?" असं म्हणून त्यांनी माझं बोचकं उचललं.

त्या बोचक्यात आईनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. टॅक्सीत त्याची गाठ सुटली आणि निम्मं पीठ सीटवर सांडलं. मी रडकुंडीला आले. टॅक्सीवाले काका आरशातून म्हणाले, "आता पाणी तेवढं शिंपडा ताई, भाकऱ्या थापूनच उतरा." पुष्पाताई हसत सुटल्या आणि ओंजळीनं पीठ भरू लागल्या. माझं मुंबईतलं पहिलं हसू ते.

त्यांची खोली भोईवाड्यातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. आत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, एक कपाट, एक खाट. खाट मला दिली आणि स्वतः खाली झोपल्या. कितीही म्हटलं तरी ऐकलं नाही. चाळीतल्या सगळ्या खोल्यांपुढून एकच लांब गॅलरी जाते (म्हणजे आपला ओटाच, पण सगळ्यांचा मिळून आणि हवेत टांगलेला). दात घासणं, भांडणं, अभ्यास, पापड वाळवणं, सगळं तिथेच.

दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीकाकूंनी मला पहिल्याच सकाळी अडवलं. काकू मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगी वंदना ठाकूरद्वारला राहते.

"खंयच्या गावचां गो तू?"

"किनवट."

"ह्यां खंय इलां?"

मी नांदेड, तेलंगणाची हद्द, सागाचं जंगल, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "लांब आसा. म्हणान वाळलंस. बस, खा." आणि घावणे (तांदळाच्या पिठाचं जाळीदार, पांढरंशुभ्र धिरडं) आणि नारळाचा गोड रस पुढे ठेवला. गोडासोबत धिरडं मी जन्मात खाल्लं नव्हतं. चार खाल्ली.

संध्याकाळी पुष्पाताई मला लालबागला घेऊन गेल्या. मसाल्याच्या गल्लीत पोत्यांतून लाल मिरच्या ओतलेल्या, डंख (मिरची कुटायचं यंत्र) धडधडत होते. मी शिंकून शिंकून बेजार. मिरच्या निवडत बसलेल्या बाया म्हणाल्या, "नवीन दिसते!" वर पाहिलं तर गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे, आणि मनोऱ्यांच्या पायाशी ह्या बाया. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत, मान वरखाली करावी लागते.

परत येताना नाक्यावर त्यांनी मला एक फळा दाखवला. शाळेतला असतो तसा, वर पत्र्याचं छप्पर. त्यावर खडूनं वळणदार अक्षरात चाळींच्या बातम्या. पाणी उद्या उशिरा येणार. अमक्याची मुलगी परिचारिका झाली, अभिनंदन. खालच्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत एक निधन. लिहिणारे सावंतकाका, एकेकाळचे गिरणी कामगार, स्टुलावर बसून हात पुसत होते.

"काका, ही सुनीता. हिचं पण पान आहे गावात."

"वा! म्हणजे आमच्याच धंद्यातली." काका हसले. "फळ्यावर लिहितेस की मोबाईलवर?"

"मोबाईलवर."

"मग बरं आहे. पावसात पुसलं जात नाही. पण चुकलं तर पुसता पण येत नाही, काय?"

मग पुष्पाताईंनी त्या फळ्याची रीत सांगितली. कुणी गेलं, कुणाला अपघात झाला, तर काका आधी जिने चढून त्या घरी जातात. घरातल्या मोठ्या माणसासमोर उभं राहून विचारतात, "लिहू का?" हो म्हटलं तरच खडू उचलतात. नातेवाईक बाहेरगावी असेल तर त्याला कळेपर्यंत फळा थांबतो. ताई म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा काका असेच दारात उभे होते. पान सुरू केलं तेव्हा मी ठरवलं, रीत हीच. मोठी वर्तमानपत्रं आपल्या गल्लीत येत नाहीत म्हणून आपण लिहितो ना? मग आपण गल्लीतल्या माणसासारखं लिहायचं."

मी मान डोलावली. खरं सांगते, तेव्हा ते मला नुसतं छान वाटलं होतं. कळलं नव्हतं.

कळलं बुधवारी. पुष्पाताई ड्यूटीवर गेल्या होत्या. मी भांडी घासत होते आणि खालून असा आवाज आला, जणू दगडांनी भरलेली ट्रॉली कुणी उलटी केली. धावत जिन्यापाशी गेले तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा काकूंच्या दारापुढचा तुकडा जागेवर नव्हता. काकू खालच्या पत्र्यावर पडल्या होत्या, अंगभर धूळ. लोकांनी त्यांना चादरीत घेऊन खाली आणलं, टॅक्सीत घातलं. आणि माझा हात आपोआप मोबाईलवर गेला. गॅलरी, लोंबणाऱ्या सळया, चादर, काकूंचा चेहरा, मी सगळं टिपलं. गर्दीतल्या एकानं विचारलं, व्हिडिओ आहे का? नंबर द्या. मी घाबरून देऊन टाकला.

पाचएक मिनिटांत फोन. एका वाहिनीचा माणूस. "मॅडम, व्हिडिओ पाठवा लगेच. तुमचं नाव स्क्रीनवर देतो."

मॅडम! मला आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. आपल्या पानाचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात दिसेल, हे मनात आलं, लपवत नाही. पण आधी पुष्पाताईंना फोन लावला.

"काकू इथेच आल्यात, माझ्याच दवाखान्यात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हात मोडलाय, डोक्याला टाके पडतील, पण शुद्धीवर आहेत. सुनीता, वंदनाला कळलं नाहीये. ती खाणावळीत स्वयंपाक करते, दुपारची जेवणं होईपर्यंत फोन पिशवीत असतो. खाणावळीचा नंबर कुणाकडे नाही. जेवणं आटपल्यावर ती फोन उघडेल, आणि चाळीच्या ग्रुपवर आत्ताच कुणीतरी टाकलंय, काकू गेल्या म्हणून."

"गेल्या? पण त्या तर..."

"म्हणूनच. मी इथून हलू शकत नाही. तू जा ठाकूरद्वारला. तिच्यासमोर उभी राहिलीस की पहिलं वाक्य, काकू बोलतायत. बाकी सगळं नंतर. आणि तो व्हिडिओ कुणालाही नको."

मी आणि ठाकूरद्वार! भोईवाड्यातला दुकानाचा रस्तासुद्धा मला धड येत नव्हता. पण चपला घातल्या. वाहिनीवाल्याचा फोन परत आला तेव्हा म्हटलं, "घरच्यांना कळलं नाही अजून, देता येणार नाही." तो म्हणाला, "अहो मॅडम, तोवर बातमी शिळी होईल." मी फोन ठेवला. बसथांबा विचारत निघाले.

बसच्या कंडक्टरला दर थांब्याला विचारलं. शेवटी ते म्हणाले, "ताई, बसा. विसरलो तर माझी नोकरी जाईल, एवढ्या वेळा सांगितलंत." तरी भीतीनं मी एक थांबा आधीच उतरले. मग पळत निघाले. ठाकूरद्वारला देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं, "वंदनाताई कुठे राहतात?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठली वाडी?"

(वाडी म्हणजे आपली झाडांची नव्हे. गिरगावात एका दारातून आत गेलं की घरांची अख्खी गल्ली असते, तिला वाडी म्हणतात.) मला वाडी माहीत नव्हती. गावात नाव घेतलं की पोर घरापर्यंत सोडायला येतं, तसंच मी विचारलं होतं. ताईंना फोन लावला, लागेना.

"इथे नावानं माणूस सापडत नाही, वाडीनं सापडतो," मावशी म्हणाल्या. "काम काय आहे?"

"खाणावळीत स्वयंपाक करतात. मालवणच्या. आई पडल्यात त्यांच्या."

मावशींच्या हातातली सुई थांबली. "अगो बाई. मग आधी नाही का सांगायचं?" हार तसाच टोपलीत टाकून त्या उठल्या आणि मला पुढे घालून चालू लागल्या. एक वाडी, मग दुसरी. लाकडी जिने, तुळशी, दारात चेस खेळणारे दोन आजोबा. दुसऱ्या वाडीच्या टोकाला बांगडे तळल्याचा वास आला.

वंदनाताई शेगडीच्या धगीत उभ्या होत्या. फोन खरंच खुंटीवरच्या पिशवीत होता, आणि पिशवी सारखी थरथरत होती.

"काकू बोलतायत," मी म्हटलं. ओळख नाही, नमस्कार नाही. "शुद्धीवर आहेत. हात मोडलाय. पुष्पाताई त्यांच्याजवळ आहेत."

त्यांनी झारा खाली ठेवला. "बोलता ना? खरां सांग."

"हो."

मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या. मी शेजारी बसले. मावशींनी गॅस बंद केला.

टॅक्सीत त्यांनी फोन उघडला. तो संदेश होताच, हात जोडलेल्या चित्रासकट. त्यांनी वाचला, फोन पालथा मांडीवर ठेवला आणि परळ येईपर्यंत माझा हात सोडला नाही. तू आधी आली नसतीस तर, एवढंच म्हणाल्या.

काकूंना प्लास्टर घालून खाटेवर ठेवलं होतं. लेक दिसताच त्यांनी तक्रार मांडली, "गॅलरी पडली तां पडली, माझी वाळत घातलेली मिरशी सगळी गटारात गेली!" वंदनाताई हसत हसत रडल्या. ग्रुपवरचं कळल्यावर काकू म्हणाल्या, "कोणी लिहिलां? तेका सांग, म्हातारी इतक्यात जाणा नाय. जेवाक येतलंय तेच्याकडे."

मी खाटेपाशी उभी राहिले. मोबाईलवर टिपलेलं दोघींना दाखवलं. "काकू, लिहू का?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं. वंदनाताई म्हणाल्या, "लिही. पण आईचा तो चेहरा नको. आणि हे घाल." त्यांनी फोनमधून फोटो दाखवले. त्याच गॅलरीच्या भेगा, कित्येक महिन्यांपूर्वी काढून मालकाच्या माणसाला पाठवलेले. उत्तर आलंच नव्हतं. माझ्या व्हिडिओत नुसती पडलेली गॅलरी होती. ती का पडली, ते ह्या फोटोंत होतं.

मालकाच्या माणसाला फोन मीच लावला, ताई शेजारी उभ्या होत्या. तो म्हणाला, दुरुस्ती विचाराधीन आहे. ते जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी बातमी ताईंच्या पानावर आली, खाली माझं नाव. सावंतकाकांनी ती फळ्यावरही उतरवली. दोन दिवसांत उरलेल्या गॅलरीला लोखंडी टेकू लागले आणि दुसऱ्या मजल्यावरची पोरं गॅलरीत धावायची थांबली. दुरुस्ती अजून व्हायची आहे, तेही नमूद करते. वाहिनीवाल्याचा फोन पुन्हा आला नाही.

निघताना पुष्पाताई दादरला सोडायला आल्या. झेंडूच्या टोपल्यांमधून वाट काढत म्हणाल्या, "माझा पोरगा नागपूरला शिकतो. आईचं काही झालं तर त्यालाही फोनवरच कळणार बघ." हसून म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही.

गाडीत तेच डोक्यात होतं. मी शिकून काय आले, असं आई विचारेल. शिकले ते एवढंच, की बातमी आधी कुणाची असते.

ताई, हे तुम्ही वाचालच. तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मिळो. पण कधी तुमच्या लेकाला काही सांगायची वेळ आलीच, तर नागपूर मला मुंबईपेक्षा जवळ आहे. वाडी माहीत नसली तरी विचारत जाईन. फोन करणार नाही. समोर उभी राहीन आणि पहिलं वाक्य आधी सांगेन.