चकचकीत पातेलं

दूध तापायला ठेवलं आणि विसरले, महिन्यात दुसऱ्यांदा. मागच्या वेळी सून म्हणाली होती, "आई, पुन्हा असं झालं तर गॅसला हात लावू नका." ती यायला अर्धा तास होता. पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं, तारेच्या घासणीने खरवडलं. लग्न झाल्यावर सासूपासूनही मी करपलेली भांडी अशीच लपवायची. तेव्हा फक्त बोलणी बसायची, आता स्वयंपाकघरच जाईल.

सून आली. मांडणीकडे बघून म्हणाली, "हे एकटंच एवढं कसं चकाकतंय?"

"करपलं होतं," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.

ती माझ्या शेजारी आली. चहाला उकळी येईपर्यंत आम्ही दोघी गॅससमोर उभ्या होतो.