चौघांचा फोटो

दिवसभराच्या डोंगरवाटेवर आम्ही चौघे मित्र निघालो होतो. दुपारी उतारावर महेशचा गुडघा धरला. संजयने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "तू सावकाश ये रे, आमची वेळ चुकेल," म्हणाला, आणि आम्ही तिघे निघालोसुद्धा. मागे एक बाई डोक्यावरची मोळी उतरवून महेशजवळ बसली. डोंगर माणसाला मोठं करतो म्हणतात. आमच्यासारख्यांना तो नुसता उंचावर नेतो.

संध्याकाळी तीच बाई महेशला खांद्याचा आधार देत पायथ्याशी घेऊन आली.

"तीन गडी असून ह्याला एकट्याला टाकलात व्हय?"

संजयने ऐकलंच नाही. "महेश, ये, चौघांचा एक फोटो होऊ दे!"

महेश आला नाही. मी मात्र केस सारखे करून उभा राहिलो.