मनाला मेंढीचे पाय

बायको जाऊन वर्ष होत आलं. तरी संध्याकाळी बारामतीची एसटी यायची वेळ झाली की माझे पाय फाट्याकडं वळतात. शेवटी शेवटी ती दवाखान्यातून त्याच गाडीनं यायची आणि मी तिची पिशवी घ्यायला उभा असायचो. आता ती उतरणार नाही, हे मला कळतं. मी खुळा नाही. पण गाडी पुढं गेल्याशिवाय घराकडं परतवत नाही.

आमच्या गावात, कऱ्हाटीत, कुजबूज सुरू झाली. पोरगा कारखान्यात कामाला, त्याला तिथंही कुणीतरी विचारलं म्हणे. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, बारामतीत मनाचा डॉक्टर आहे, रविवारी जाऊ, आणि आजपासून फाट्यावर जाणं बंद. मी कप खाली ठेवला. फाटाही गेला तर माझ्याकडं तिचं काय उरणार होतं?

सून भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं सासूची ओवी म्हटली.

मन माझं मेंढी, कळपात चालंना
कालच्या तळावर जाई, कोकरू घावंना

ही बायकोनं स्वतः रचलेली. तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन इंदापूरकडं हिंडत होतो आणि आमचं पहिलं लेकरू वाटेतच गेलं होतं. ओवी ऐकून मी तिला म्हणालो होतो, "मनाला काय चार पाय असत्यात व्हय?"

"न्हाईत, म्हणून तर मेंढीचं घेतलं."

मी चौथी शिकलेला, मला कवितेतलं काय कळणार. मनाला कुणी समुद्र म्हणतं, तो मी बघितलेला नाही. मेंढी बघितलीय. कोकरू मेलं आणि तळ हलला, की ती संध्याकाळी कळप सोडून मागं फिरायची. नवखा गडी तिला काठीनं हाणून आणायचा, ती पुन्हा जायची. माझा बाप म्हणायचा, जाऊ द्या तिला, एकानं मागं जा. ती जुनी जागा हुंगायची, ओरडायची, मग तिथंच चार घास चरायची आणि आपणहून माणसासंगं परत यायची. पुढं पुढं तिचं मागं जाणंच थांबायचं. ओवीत एवढं नाही. ओवी कोकरू घावत नाही तिथंच संपते. पुढचं मला ठाऊक, कारण मेंढीमागं मी चाललोय.

हे सगळं मी पोराला सांगितलं.

"आबा, तुमी काय मेंढी हाय का?"

"सध्या हाय. मेंढीमागं माणूस जातं. आधी तू फाट्यावर चल, मग रविवारी कुठं न्यायचं तिथं ने."

तो डबा घेऊन कामावर गेला. संध्याकाळी मी फाट्यावर पोचलो तर तो मोटारसायकल लावून उभा. गाडी आली. कॉलेजच्या दोन पोरी उतरल्या, एक जण पोतं घेऊन उतरला. दार लागलं. मी पोराकडं बघितलं. तो त्या दाराकडंच बघत होता.

गाडी गेली. मी घराकडं वळलो, पण तो जागचा हलेना. त्याची आईच होती ती, हे मी वर्षभर ध्यानातच घेतलं नव्हतं.

मी त्याला चल म्हटलं नाही. त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.