जावक क्रमांक चौदा

चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण त्या सगळ्या फायलीत राहिल्या. ही एकच अशी निघाली, की घराबाहेर पडली, आमच्या सावेडीहून थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राहात्याला गेली, तिथं चांगली रुळली आणि आता माघारी यायला तयार नाही. बसा, चहा टाकलाय. तेवढ्यात माझी अब्रू कशी गेली ते सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

मी सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली. आलेलं पत्र वहीत चढवायचं, जाणाऱ्या पत्रावर नंबर टाकून शिक्का मारायचा. या टेबलावर माणसाला एक खोड लागते. तो मजकूर वाचतच नाही. आधी वरचा नंबर बघतो, मग खालची सही, मग शिक्का. तिन्ही जागच्या जागी असले, की मधे काय लिहिलंय याची काळजी साहेबानं करायची.

निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. आल्या-आल्या पहिलं काम काय केलं असेल? जावक नोंदवही घातली. वर्षभरात तेरा पत्रं गेली. सात पार्किंगबद्दल, सहा तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल. कुत्र्यात अद्याप सुधारणा नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही माझा दरारा होता. कुणी लिहिलं, की अमक्या पाल्याचा रस नाकात सोडला की तमका रोग मुळासकट जातो, की मी खाली एवढंच विचारायचो: "जावक क्रमांक?" पाठवणारा त्या दिवशी पुन्हा तोंड उघडायचा नाही. खरं काय, खोटं काय, हे ठरवायचं शेवटचं टेबल माझं, असं ठरूनच गेलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पेन्शन प्रत्येकाला मिळते हो, पण असं टेबल कुणाला मिळतं?

मी स्वतः ग्रुपवर एकच गोष्ट टाकायचो. गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवलंय. रोज सकाळी त्याचा फोटो आणि खाली, 'मुक्या जिवांना पाणी द्या.' चिमणी एकही कधी आली नाही, पण नमस्काराचे हात रोज दहा-बारा यायचे.

त्या ग्रुपवर एक नंबर मला सलत होता. नाव 'वाघीण नंबर वन'. आमचे आधीचे सेक्रेटरी तिला ग्रुपमधे घालून पुण्याला निघून गेले. ती कोण, कुठल्या फ्लॅटची, कुणाला ठाऊक नाही. फोटो दक्षिणेकडच्या एका नटाचा. नाव मला उच्चारता येत नाही. अंगात शर्ट नाही, हातात कोयता. बाई रोज त्याचे फोटो टाकायची, त्यावर विनोद करायची, आणि आमच्या सोसायटीतली चांगली पन्नाशीची माणसं लोळून-लोळून हसणारे चेहरे पाठवायची. मी कधी हसलो नाही. ज्याचा पत्ता माहीत नाही, त्याच्या विनोदाला हसणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं.

तर एका सोमवारी या वाघिणीनं काय पाठवावं? तोच नट, तोच कोयता, आणि खाली मजकूर: 'माझ्या राज्यात डंख फक्त मी मारतो. आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. शुक्रवारी सकाळी दहाला आमची माणसं तुमच्या गच्चीवर येतील. दारं उघडी ठेवा.'

तुम्हीच सांगा, ही आरोग्याची सूचना वाटते का? मला तर ती खंडणीची चिठ्ठी वाटली.

शेजारचा गोरख तांबे मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. गोरख एसटीतला निवृत्त ड्रायव्हर, मूळचा राहात्याचा. तिकडे त्याची पेरूची बाग आहे, म्हातारी आई तिकडेच राहते. मनानं सरळ. माझ्यावर तर त्याचा एवढा विश्वास, की वादळ येणार का हेही तो मला विचारायचा.

"भाऊसाहेब, हे खरं हाय का?"

"नंबर आहे?"

"न्हाई."

"सही?"

"कोयता हाय."

"शिक्का?"

"शर्टच न्हाई, तर शिक्का कुठं मारनार?"

"मग झालं तर. ही टोळी आहे, गोरख. टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर चढणार, वरून घरं हेरणार."

आमची ही, म्हणजे सुमन, ताक घुसळता-घुसळता म्हणाली, "अहो, डासांबद्दल लिहिलंय. खरंही असेल. एक फोन करून विचारा की आरोग्य केंद्रात."

"तोंडी माहितीला अर्थ नसतो," मी म्हटलं आणि कागद ओढला.

काय सांगू, कितीतरी दिवसांनी हात असा चालला. 'विषय: अनोळखी इसमांपासून सावध राहणेबाबत.' मग 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' आणि त्यापुढे, अशी कोणतीही तपासणी मंजूर नसून पाण्याच्या टाकीच्या निमित्ताने येणाऱ्या इसमास दार उघडू नये. वर जावक क्रमांक चौदा. खाली सही, सोसायटीचा गोल शिक्का. वहीत नोंद. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

नमस्काराचे हात सोळा. भांड्यालासुद्धा एवढे कधी आले नव्हते.

वाघिणीनं फोटो न उघडताच, नुसता विषय बघून (हे मला मागाहून कळलं) खाली लिहिलं, "काका, अहो खरंच येणार आहोत 😄". हसणारा चेहरा बघून माझा संशय पक्का झाला. सरकारी माणूस कामाबद्दल बोलताना हसतो का कधी? मी तिला ग्रुपमधून काढून टाकली. सेक्रेटरीला तेवढा अधिकार असतो.

गोरखनं माझं पत्र राहात्याला भावकीच्या ग्रुपवर पाठवलं. चांगल्या मनानंच पाठवलं. तिथून ते कुठं-कुठं फिरलं, देव जाणे.

गुरुवारी दुपारी गोरख पुन्हा हजर. चेहरा उजळलेला.

"भाऊसाहेब, तुमी म्हनला तेच निघालं. राहात्याहून आलंय बगा. लई फिरतंय तिकडं."

मी चष्मा लावला. आता तो शर्ट नसलेला नट नव्हता. शुद्ध टाईप केलेला मजकूर. 'जिल्ह्यातील सर्व नागरिकांस उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निळी पिशवी घेऊन टाकी तपासण्यास येणाऱ्या इसमास घरात घेऊ नये.' आणि वर, जावक क्रमांक चौदा.

आता इथं माझी बुद्धी कुठं गेली होती, ते मला विचारू नका. जन्मभर ज्यानं सख्ख्या भावाच्या रजेच्या अर्जावर संशय घेतला, त्याला इथं तो आला नाही. उलट आपल्या पत्राचाही नंबर चौदा आणि वरच्या कचेरीच्या पत्राचाही चौदाच, हा योगायोग मला शुभ वाटला. मसुदा तर इतका ओळखीचा वाटला, की डोळे ओले झाले.

सुमननं वाचलं. "अहो, हे वळण तुमचंच वाटतंय."

"सरकारी मराठी सगळ्यांची एकच असते," मी म्हटलं आणि पत्र ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'वरिष्ठ कार्यालयाने दखल घेतली आहे.' वरिष्ठ कार्यालय! माझ्यावर आता वरिष्ठ कोण उरलंय? पण लिहिताना छाती भरून आली होती.

शुक्रवारी सकाळी दहाला आमच्या फाटकाला कुलूप. आत मी, गोरख आणि गोरखची काठी. वरच्या खिडक्यांतून निम्मी सोसायटी बघतेय. बाहेर तिघं जण आले. दोघे पुरुष आणि पुढे एक किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली पोरसवदा बाई. गळ्यात ओळखपत्र. खांद्याला निळी पिशवी.

गोरखनं माझा दंड धरला. "निळी हाय, भाऊसाहेब."

"दिसतंय मला."

"काका, मी पल्लवी," बाई म्हणाली. "आरोग्य केंद्रातून आलेय, सिस्टर आहे. तुम्ही मला ग्रुपमधून काढलंत."

"म्हणजे वाघीण?"

"हो. त्या हिरोची फॅन आहे मी. साधी सूचना पाठवली तर कुणी वाचत नाही हो. त्याचा फोटो टाकला तर निदान उघडून बघतात."

मी ओळखपत्र हातात घेऊन उजेडात धरलं. नाव होतं, फोटो होता, सही होती. "लॅमिनेशन आजकाल कोणीही करून देतं," मी म्हटलं.

ती चिडली नाही. तिचा चेहरा दमलेला होता. "काका, तुमच्या मागच्या गल्लीत दोघांना डेंगी झालाय. एक बाई दवाखान्यात आहे. डास काही गल्ली बघून उडत नाहीत. मला फक्त टाक्या बघू द्या. दोन दिवस झाले, कुणी दारच उघडत नाही. राहात्यातही आमच्या माणसांना परत पाठवलं. पिशव्या सगळ्यांना एकाच रंगाच्या मिळाल्यात, तर कुणीतरी तो रंगसुद्धा पत्रात घातलाय. हे बघा." आणि तिनं मोबाईल गजांतून आत धरला.

तेच पत्र. जावक क्रमांक चौदा.

"हे कुणी काढलं, ते आमच्या ऑफिसात शोधतायत," ती म्हणाली. "आमच्या वहीत चौदा नंबर आहे, पण तो फिनेलच्या मागणीचा. तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. हे बनावट आहे ना?"

बघा हं, इथं मला गप्प बसता आलं असतं. पण एवढ्या खिडक्यांसमोर कुणीतरी माझं मत विचारत होतं.

"बनावट?" मी हसलो. "ताई, हा मसुदा अस्सल आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे असं जागच्या जागी टाकायला माणूस तीस वर्षं टेबलावर बसावा लागतो. नुसता नंबर बघून नाही चालत, मागे नोंद लागते. नोंद कशी असते ते दाखवतो तुम्हाला. सुमन, माझी जावक वही आण गं."

सुमन वही घेऊन खाली आली. माझ्याकडे न बघता तिनं ती गजांतून सरळ पल्लवीच्या हातात दिली. पल्लवीनं पानं उलटली. पार्किंग, कुत्रा, पार्किंग, कुत्रा, कुत्रा. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिनं एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे तर तुम्हीच."

गोरखनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. वरच्या खिडक्या एकेक करून लागायला लागल्या. लोकांना लाज वाटते हो, दुसऱ्याचीसुद्धा.

कुलूप मीच काढलं. ती माणसं गच्चीवर गेली, सगळ्या टाक्या बघितल्या, पिंपं बघितली, कुंड्या हलवून बघितल्या. अख्ख्या सोसायटीत अळ्या एकाच ठिकाणी सापडल्या. कुठं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मुक्या जिवांना पाणी मी खरंच दिलं होतं. फक्त ते जीव पक्षी नव्हते.

पल्लवीनं बॅटरी मारून मला त्या अळ्या दाखवल्या. चांगल्या टणाटण उड्या मारत होत्या. रोज सकाळी मी फोटो काढायचो तेव्हाही मारत असणार. पण मजकूर वाचायची सवय कुठं होती मला?

ती मला एक शब्दही लागेल असा बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "काका, आता तुमचं तुम्हीच मागे घ्या. माझं कुणी ऐकणार नाही."

मग मी पंधरा नंबर काढला. 'जावक क्रमांक चौदा रद्द समजण्यात यावा.' ग्रुपवर टाकला, गोरखनं राहात्याला पाठवला. तिकडून उत्तर आलं, भाऊसाहेबांच्या नावानं कुणीतरी खोटं पत्र फिरवतंय, विश्वास ठेवू नका.

"आता?" मी गोरखला विचारलं.

"आमची म्हातारी फोनवर ऐकत न्हाई. आन् आख्खी गल्ली म्हातारीचं ऐकती. म्होरं जाऊनच सांगा. मी आलो तर मला काठीनं हाणंल, कसलं पत्र धाडलं म्हनून."

म्हणून मी एकटाच एसटीनं राहात्याला गेलो. पल्लवीनं वाटायला पत्रकं आणि टाकीत टाकायचं औषध दिलं होतं. गोरखच्या घराच्या दारावर त्या टाईप केलेल्या चौदा नंबरची झेरॉक्स चिकटवलेली. कडी वाजवली. खिडकीच्या फटीतून दोन डोळे दिसले. ते आधी माझ्याकडे गेले, मग खाली, माझ्या हातातल्या पिशवीकडे.

पत्रकं कशात भरून दिली होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"निळी हाय," आतून आवाज आला. "जावा माघारी."

मी पंधरा नंबरचं पत्र फटीतून आत सरकवलं. आजींनी ते उजेडात धरलं. अगदी मी ओळखपत्र धरलं होतं तसं.

"जिल्ह्याचं नाव बदललं, आन् शिक्क्यावर जुनंच हाय," त्या म्हणाल्या. "खोटं हाय हे."

एकतीस वर्षं शिक्के मारले, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"आजी," मी शेवटचं म्हटलं, "ते दारावरचं चौदा नंबरचं पत्र मीच लिहिलंय."

मग पंधरा नंबर फटीतून परत बाहेर आला.

"ते लिवनारा मानूस शाना हाय," आजी म्हणाल्या. "त्यो कशाला दारोदार फिरंल?"

घरी येऊन वही काढली आणि पंधरा नंबरच्या पुढे शेरा मारला: 'समक्ष नेले. घेण्यास नकार. नकार योग्य.'