डावीकडची खुर्ची

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्या नावाने खडे फोडायला नको. जुन्या नट-नट्यांच्या या आश्रमात मी एकोणीस वर्षं व्यवस्थापक आहे आणि इथले लोक मला पाठीमागे 'भिंग' म्हणतात. म्हणोत बापडे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड या मंडळींनी चांगलं सात-आठ वेळा पोळलं आहे. एका गृहस्थांनी आपण सिनेमात घोडेस्वार होतो म्हणून खोली मिळवली. चार महिन्यांनी कळलं की सिनेमात त्यांचा घोडा होता, स्वार दुसराच. एका बाईंनी आणलेल्या फोटोत त्यांचा चेहरा खळीने चिकटवलेला होता. मी ओला कपडा फिरवला, तर खालून वेगळीच बाई निघाली.

आमचा नियम साधा आहे. नाटकात किंवा सिनेमात दहा वर्षं काम केलेलं हवं आणि त्याला पुरावा हवा. एखादी जाहिरात, फोटो, नाहीतर इथेच राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्याची साक्ष. पुरावा पटेपर्यंत तीन महिने तात्पुरती खोली.

ही बाई आली तेव्हा तिच्या अर्जात 'केलेल्या भूमिका' या रकान्यात एकच शब्द होता: 'नाही'.

चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगाने काटकुळी, गडद निळे कपडे. पायात रबरी तळव्यांचे बूट, त्यामुळे ती खोलीत कधी आली ते मला कळलंच नाही. तिथेच माझं पहिलं भिंग लागलं.

"स्टेजवर मी कधीच आले नाही," ती म्हणाली. "मी प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नटांना अडलेला शब्द द्यायचा. सव्वीस वर्षं दिला."

"फोटो?"

तिने पिशवीतून कंपनीचा एक मोठा फोटो काढला. एकतीस माणसं. ती त्यात कुठेच नव्हती.

"मी डावीकडे उभी होते, फोटोच्या बाहेर. हे बघा, या तिघांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाहीच, माझ्याकडे आहे. सवय हो."

म्हणजे बघा, जेवल्याचा पुरावा मागितला तर ही मला स्वच्छ धुतलेलं ताट दाखवत होती. इथे येणारा प्रत्येक जण स्वतःला राजा नाहीतर राणी म्हणवतो. ही म्हणत होती की मी दिसलेच नाही. इतकं लहान खोटं कोण बोलेल? आणि म्हणूनच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

तिच्या कंपनीतला एकच माणूस आमच्याकडे होता. त्यांना सगळे 'राजे' म्हणत, कारण त्यांनी जन्मभर राजांचीच कामं केली होती. वय एक्क्याऐंशी, पाठ अजून ताठ. मी त्यांना ऑफिसात बोलावलं. आमचे सेक्रेटरीही होते. मी विचारलं, "राजे, या बाईंना ओळखता?"

राजांनी तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "कोण बाई? मला तर कोणी दिसत नाही," असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

कोणीही हिरमुसलं असतं. ही बाई चक्क हसली. मग तर माझी खात्रीच पटली की ही पक्की आहे. पण नियम तो नियम. तीन महिन्यांसाठी मी तिला सात नंबरची खोली दिली आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ठरवलं.

लक्ष ठेवण्यासारखं लगेच सापडलं. जेवणघरात, बागेत, टीव्हीसमोर, राजे बसले की ही त्यांच्या डावीकडे जाऊन बसे. बरोबरीने नाही, अर्धं पाऊल मागे. कोणी आधी ती खुर्ची घेतली असेल तर उभी राहून वाट बघे. राजे तिच्याशी बोलत नसत, बघतही नसत. आणि तरी त्यांच्यात फरक पडत होता. आधीचे काही महिने ते जरा हरवल्यासारखे वागत होते. एकावर एक दोन शर्ट घालत, साबणाला 'ते, ते फेसाचं' म्हणत. आता अचानक गडी सुधारला. नावं आठवायला लागली, जुने किस्से शेवटपर्यंत सांगता यायला लागले.

माणूस फुकट कोणाचं भलं करत नाही, असं माझं मत होतं. राजांकडे एक सुवर्णपदक होतं. मी एक-दोनदा त्यांच्या खोलीची झडती घेतली, हे कबूल करते. पदक जागच्या जागी होतं. मग मी दाराला कान लावला. आत राजे कोणालातरी पत्र सांगत होते आणि मध्येच थांबत होते. थांबले की बारीक कुजबुज, की पुन्हा राजांचा खणखणीत आवाज. ही त्यांच्याकडून काहीतरी लिहून घेतेय, असं मी धरून चालले. त्याच दिवशी मी आमच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी धाडली. ते दर तीन महिन्यांनी येऊन सगळ्यांची स्मरणशक्ती तपासतात. मी लिहिलं, 'राजांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या डावीकडे बसतात त्या बाई कोण? त्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.'

चार दिवसांनी दुपारी जेवणघरात राजे आपला आवडता किस्सा सांगत होते. भर प्रवेशात सिंहासन मोडलं आणि त्यांनी उरलेला दरबार उभ्याने भरवला, तो किस्सा. "आणि मग मी प्रधानाला म्हणालो, आमचं ते..." राजे थांबले. सगळे थांबले. मी नेमकी तिच्या मागे पाणी वाढत होते. तिचे ओठ हलले नाहीत. पण मला अगदी स्पष्ट ऐकू आलं: "सिंहासन".

"सिंहासन तुमच्या चाकरीपेक्षा कच्चं निघालं!" राजे गरजले. जेवणघर हसलं.

मी तिला हाताला धरून ऑफिसात आणलं. "पितळ उघडं पडलं बाई तुमचं. काय चालवलंय हे?"

ती खुर्चीत बसली.

"माझे वडील कंपनीचे प्रॉम्प्टर," ती म्हणाली. "त्यांना खोकला जडला. प्रॉम्प्टर खोकला की खेळ संपला. मग त्यांच्या स्टुलावर मी बसले, चौदाव्या वर्षी. हसायचं नाही, शिंकायचं नाही, टाळी वाजवायची नाही. नाटक समोरून कसं दिसतं ते मला आजही माहीत नाही. कंपनी बंद झाल्यावर छापखान्यात प्रुफं वाचली. जवळचं बारीक दिसेनासं झालं, भाच्याचं घर लहान पडलं, म्हणून इथे आले."

"ते राहू द्या. राजांचं सांगा."

"बाई, नट दोन तऱ्हांनी गप्प होतो. एक थांबणं, एक अडकणं. थांबलेल्याला शब्द दिलात तर त्याची टाळी मारलीत. अडकलेल्याला नाही दिलात तर त्याला मारलंत. प्रत्येकाची खूण वेगळी. राजे अडकले की त्यांचा उजवा अंगठा बोटावर घासतो. थांबले असतील तर हात दगडासारखा. पहिल्या दिवशी जिन्यात बघितलं, अंगठा सारखा घासत होता. साध्या गोष्टींना! म्हटलं, गेलं का सगळं?" ती पुढे वाकली. "डॉक्टरांना कळलं तर त्यांना त्या मोठ्या दवाखान्यात नेतील ना? तिथे सगळ्यांना सारखे कपडे असतात म्हणे. राजांना सारखे कपडे!"

नेणार, हे खरंच होतं. ज्याचं भान सुटतं त्याला आम्ही ठेवू शकत नाही, एवढी माणसं आमच्याकडे नाहीत.

"आणि मग त्यांनी तुम्हाला ओळखलं कसं नाही?"

"ओळखलं म्हणूनच तर," ती म्हणाली. "मालकांचा दंडक होता. लोकांसमोर नटाने प्रॉम्प्टरकडे बघितलं की पुढचे दोन खेळ त्याला घरी बसवायचे. राजांना एकदाही बसावं लागलं नाही."

ही सारवासारव मला काही पटली नाही. हजरजबाबी माणसांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. फार ताणलं नाही, पण ती चिठ्ठीही डॉक्टरांकडून परत मागवली नाही. हे मी आज लिहिते तेव्हा माझी मलाच लाज वाटते.

तपासणीच्या दिवशी मी तिला बाहेर थांबायला सांगितलं. "बरं," ती म्हणाली. राजे आले. दाढी केलेली, कोट घातलेला, बुटांना पॉलिश. दारात आले आणि तिथेच उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "या, बसा." राजे हलेनात. त्यांच्या खुर्चीच्या डावीकडची जागा रिकामी होती आणि राजे तिकडे न बघता नुसते उभे होते. पाच मिनिटं गेली. प्रॉम्प्टर बसल्याशिवाय पडदा वर जात नाही, एवढं मला या लोकांत राहून कळतं. शेवटी मीच बाहेर जाऊन तिला आत आणलं आणि त्या डावीकडच्या जागी, कपाटापाशी खुर्ची दिली. राजे ताबडतोब येऊन बसले.

तपासणी झकास झाली. वार, महिना, जन्मगाव, शंभरातून सात वजा करत जाणं. दोनदा अंगठा घासला, दोनदा मी कुजबुज ऐकली, कारण मला आता कुठे कान द्यायचा ते ठाऊक होतं. डॉक्टर वाकून लिहीत होते, त्यांना काही कळलं नाही. आणि मी काय केलं? दुसऱ्या कुजबुजीवर मी मुद्दाम खुर्ची सरकवून आवाज केला. का केला ते विचारू नका.

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. मग खिशातून माझी चिठ्ठी काढली.

"एकच राहिलं, राजे. तुमच्या डावीकडे बसल्यात त्या बाई कोण?"

माझी पाचावर धारण बसली. मी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प होती. मी राजांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा दगडासारखा स्थिर होता. ते अडकले नव्हते, थांबले होते.

"तिथे कोणी नाही, डॉक्टर," राजे शांतपणे म्हणाले. मानही वळवली नाही. "तिथे कधीच कोणी नसतं."

डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढलं.

"डॉक्टर, हे बरोबर उत्तर आहे!" मी ओरडलेच. "यांचा नियमच आहे तसा. त्या प्रॉम्प्टर आहेत यांच्या, राजांनी ओळखलंय त्यांना..."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेने मी एकोणीस वर्षं लोकांकडे बघत आले होते. "चार हातांवर बसलेली बाई दिसत नाही, हे बरोबर उत्तर? प्रश्न तर तुम्हीच लिहून दिलात. काही लपवताय का तुम्ही?"

त्यांनी सही केली. सोमवारी राजांना न्यायचं ठरलं.

डॉक्टर आणि राजे गेल्यावर ती बाई कपाटापाशी बसूनच राहिली. तिला रडू येत होतं आणि चेहऱ्यावर अभिमानही होता. "बघितलंत? साठ वर्षं झाली," ती म्हणाली. "एकदाही चुकले नाहीत."

त्याच संध्याकाळी मी तिच्या अर्जावर 'पुरावा पटला' असं लिहिलं आणि सात नंबरची खोली कायमची तिच्या नावे केली. कोणता पुरावा, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी म्हटलं, राजांनी ओळखलं नाही, हा.

राजांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने त्या दवाखान्यात गेलो. लांब बोळ, हिरव्या भिंती, आणि दाराशी टेबल टाकून बसलेली एक नर्स. काचेतून राजे दिसत होते. राखाडी सदरा, जो बाकी सगळ्यांचाही होता. पलंगाच्या कडेवर ताठ बसले होते आणि अंगठा सारखा बोटावर घासत होता.

"फक्त घरच्यांनाच सोडतो," नर्स रजिस्टर पुढे ओढत म्हणाली. "पेशंटचं आणि तुमचं नातं काय?"

ती बाई उभी राहिली. हजारो शब्द दिले असतील तिने आयुष्यात, पण हा एक तिच्या कुठल्याच वहीत नव्हता. ती नर्सकडे बघत होती. तिचे ओठ उघडे होते आणि बोटं पिशवीचा बंद पिळत होती. ती थांबली नव्हती. तेवढं आता मलाही कळत होतं.

मी तिच्या डावीकडे उभी होते. घोडेस्वाराला आणि खळीवाल्या बाईला ज्या मी आश्रमाबाहेर काढलं, त्याच मी हलक्या आवाजात म्हटलं, "बहीण."

"बहीण," ती नर्सला म्हणाली. ठाम, स्वच्छ.

नर्सने आधी तिच्याकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं.

आत जाता जाता ती माझ्या कानाशी वाकली. "शब्द जरा मोठ्याने दिलात, बाई," ती म्हणाली. "पण वेळेवर दिलात."